लिव्हरचा आकडा का हलतो? मोजमापाच्या सोनोग्राफीतला नॉईज कमी करण्याची रीत

एकाच पेशंटच्या लिव्हरवर, त्याच प्रोबने, काही मिनिटांच्या अंतराने अटेन्युएशन, म्हणजे ऊतीतून जाताना ध्वनी किती क्षीण होतो ते, दोनदा मोजलं. एकदा ०.५६ आलं, एकदा ०.६८ डेसिबल प्रति सेंमी प्रति मेगाहर्ट्झ. पहिला आकडा निरोगी लिव्हरच्या आसपासचा, दुसरा फॅटी लिव्हरकडे बोट दाखवणारा. एवढ्या वेळात लिव्हरमध्ये चरबी साठत नाही आणि मशीनही बिघडलेलं नाही. मग आकडा का हलला, आणि त्याला स्थिर कसं करायचं?

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, मिरजेतल्या हॉस्पिटलांत काम करणारे रेडिओलॉजीचे रेसिडेंट. दुसरे, सांगलीच्या वालचंदमध्ये, इस्लामपूरला किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत सिग्नल प्रोसेसिंगचा प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या दवाखान्यापासून मिरज हे वैद्यकीचं गाव आहे, आणि वालचंद जिथे आहे त्या विश्रामबागेतून ते हाकेच्या अंतरावर आहे. तरीही दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या खोलीत क्वचितच जातात. या विषयात दोघांचीही गरज लागते, म्हणून पेशंटची तयारी आणि एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणारं गणित) असं दोन्ही इथे एकत्र येईल.

नॉईज नेमका कोणता?

नेहमीच्या सोनोग्राफीत आपण करडं चित्र बघतो. मोजमापाच्या सोनोग्राफीत परत आलेल्या प्रतिध्वनीचा कच्चा सिग्नल, म्हणजे आरएफ डेटा, घेऊन त्याच्या फ्रिक्वेन्सी स्पेक्ट्रममधून ऊतीचे गुणधर्म काढतात: अटेन्युएशन, बॅकस्कॅटर कोइफिशंट (ऊती प्रोबकडे किती ध्वनी परत विखुरते), विखुरणाऱ्या कणांचा सरासरी आकार. फ्रेडरिक लिझी आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली या पद्धतीचा सैद्धांतिक पाया मांडला.

अडचण अशी, की प्रोबच्या एका रिझोल्यूशन सेलमध्ये, म्हणजे ज्याहून लहान तपशील प्रोबला वेगळा दिसत नाही तेवढ्या भागात, असंख्य बारीक विखुरक असतात. त्यांच्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना खोडतात. चित्रात दिसणारे स्पेकलचे ठिपके त्यातूनच तयार होतात. विखुरक पुरेसे दाट असले, साधारण एका सेलमध्ये दहा किंवा जास्त, की सिग्नलच्या एन्व्हलपचं, म्हणजे लहरींची शिखरं जोडणाऱ्या बाह्यरेषेचं, वितरण रेले प्रकारचं होतं आणि सरासरी भागिले प्रमाण विचलन हे गुणोत्तर १.९१ वर येऊन थांबतं. स्पेक्ट्रममध्ये परिस्थिती आणखी वाईट असते. एका स्कॅनलाइनच्या पॉवर स्पेक्ट्रममध्ये कुठल्याही फ्रिक्वेन्सीला प्रमाण विचलन सरासरीइतकंच, म्हणजे १०० टक्के असतं. डेसिबलमध्ये ते सुमारे ५.६ भरतं.

हा नॉईज सर्किटमधून येत नाही, तो ऊतीच्या रचनेतूनच येतो. म्हणून प्रोब एका जागी स्थिर धरून शंभर फ्रेमची सरासरी काढली, तरी तो कमी होत नाही. शंभरही फ्रेममध्ये तेच स्पेकल असतं. अशा सरासरीने फक्त इलेक्ट्रॉनिक नॉईज उतरतो. मशीनवरचं पर्सिस्टन्स (लागोपाठच्या फ्रेमची सरासरी) वाढवून आकडा सुधारेल असं मानणारे मला वरचेवर भेटतात, म्हणून हे ठासून सांगतो.

सांगलीच्या हळदीच्या सौद्यात व्यापारी एकाच पोत्याच्या एकाच कोपऱ्यातून दहा मुठी काढून भाव ठरवत नाही, वेगवेगळ्या पोत्यांतून नमुना घेतो. इथेही तेच करायचं आहे. एकमेकांपासून स्वतंत्र असलेले एन नमुने मिळाले, तर नॉईज एनच्या वर्गमुळाने कमी होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या स्वतंत्र नमुने मिळवण्यासाठी आणि आपण मोजलेले नमुने खरंच स्वतंत्र आहेत का हे तपासण्यासाठी आहेत.

मशीन हाती घेण्याआधी

विद्यार्थ्यांनी सोनोग्राफी मशीनच्या मागे लगेच धावू नये. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेलाही लागू होतो, आणि नोंदणी नसलेल्या संस्थेला असं मशीन विकता येत नाही. २०१७ साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीस आलं, ते इथे कुणी विसरलेलं नाही आणि विसरूही नये. कॉलेजने नोंदणीकृत हॉस्पिटलशी लेखी करार करावा, मशीन तिथेच राहावं, विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन फँटमवर डेटा घ्यावा.

तोवर लॅपटॉपवर भरपूर शिकता येतं. ऑक्टेव्ह किंवा पायथनमध्ये गॉसियन यादृच्छिक आकड्यांची एक लांब रांग तयार करा आणि तिला अल्ट्रासाउंड पल्सच्या आकाराने कन्व्हॉल्व्ह करा. ही झाली एक स्कॅनलाइन. अशा शेकडो लाइन बनवा. एन्व्हलप काढून १.९१ येतं का पाहा. मग एका लाइनचा स्पेक्ट्रम, दहा लाइनच्या सरासरीचा, शंभरच्या सरासरीचा, असे तीन आलेख एकावर एक काढा. या डेटाचं खरं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं, म्हणून तुमचा कोड चुकतो आहे की नुसता नॉईज आहे हे इथेच कळतं. ही पायरी गाळून थेट पेशंटच्या डेटावर गेलेला विद्यार्थी पुढे दोन महिने चाचपडतो.

फँटम

ऊतीसारखा वागणारा, सगळीकडे एकसारखा ठोकळा म्हणजे फँटम. बाजारातला कॅलिब्रेट केलेला फँटम महाग असतो. हॉस्पिटलकडे असेल तर तोच वापरा. नसेल तर अगरचा घरी बनवता येतो. प्रमाणित कृतीत वजनाने अगर ३ टक्के, ग्लिसरिन सुमारे ११ टक्के, सिलिकॉन कार्बाइडची पूड अर्धा टक्का, ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड दोन टक्क्यांच्या जरा आत, बुरशी लागू नये म्हणून किंचित बेन्झाल्कोनियम क्लोराइड आणि बाकी पाणी असतं. यातून ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटरच्या जवळ येतो आणि अटेन्युएशन ०.५ च्या आसपास.

अगर प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्या. किराणा दुकानातलं चायनाग्रास खीर-पुडिंगला ठीक, पण त्याची शुद्धता दर पाकिटाला वेगळी निघू शकते. पाणी आधी उकळून गार करा, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाईल. पूड हाताळताना मास्क लावा. मिश्रण ढवळत नव्वद अंशांच्या वर न्या, अगर पूर्ण वितळलं पाहिजे. खरी कसोटी पुढे असते. गार होताना ढवळणं थांबवलं तर पूड तळाशी बसते, जोरात ढवळलं तर हवेचे बुडबुडे शिरतात. म्हणून हळूहळू, न थांबता ढवळत पंचेचाळीस अंशांच्या आसपास आणा आणि मग साच्यात एका बाजूने सावकाश ओता. एक जरी बुडबुडा राहिला तरी त्याच्याखालचा सगळा पट्टा निकामी समजा.

अशा फँटमचे नेमके गुणधर्म पाण्याच्या टाकीत वेगळे मोजावे लागतात. पण नॉईजचा अभ्यास करायला त्यांची गरज नाही, फँटम एकसारखा असला की झालं. तपमानाकडे मात्र लक्ष हवं. बहुतेक फँटम २२ अंशांच्या आसपास कॅलिब्रेट केलेले असतात. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत खोलीचा पारा त्याच्या कितीतरी वर असतो. फँटम एसी खोलीत काही तास ठेवा, त्याचं तपमान थर्मामीटरने पाहा आणि डेटाच्या फाइलमध्ये लिहा.

डेटा घेताना

आरएफ डेटाच घ्या. तो मिळत नसेल तर आयक्यू डेटा (त्याच सिग्नलचं कमी फ्रिक्वेन्सीवर आणलेलं रूप) चालेल. पडद्यावरच्या चित्राचा स्क्रीनशॉट चालणार नाही, त्यात लॉग कॉम्प्रेशन आणि फिल्टर आधीच लागलेले असतात. स्पेकल रिडक्शन, काँपाउंडिंग, हार्मोनिक इमेजिंग, एज एन्हान्समेंट सगळं बंद करा. सॅम्पलिंग मध्य-फ्रिक्वेन्सीच्या किमान चौपट असावं. गेन एवढाच ठेवा की सिग्नलची शिखरं वर छाटली जाणार नाहीत. छाटलेल्या सिग्नलच्या स्पेक्ट्रममध्ये खोट्या फ्रिक्वेन्सी येतात आणि नंतर त्या काढता येत नाहीत.

गेन, टीजीसी (खोलीनुसार गेन बदलणारी बटणं), फोकस, खोली, ट्रान्समिट पॉवर एकदा ठरवा आणि प्रीसेट म्हणून साठवा. फँटम आणि पेशंट दोघांसाठी तोच प्रीसेट हवा, एक बटणही हलवायचं नाही. पेशंटच्या खोल भागात चित्र काळं दिसलं की हात टीजीसीकडे जातो, तो आवरा.

मग इलेक्ट्रॉनिक नॉईज वेगळा मोजा. प्रोब फँटमवर क्लॅम्पने घट्ट धरून पन्नास-एक फ्रेम घ्या आणि प्रत्येक खोलीवर फ्रेम-फ्रेममध्ये किती बदल होतो ते काढा. जिथे सिग्नल या नॉईजच्या वर निदान १० डेसिबल आहे, तेवढीच खोली आणि तेवढीच बँडविड्थ वापरा. त्याच्या खालचा डेटा ठेवण्याचा मोह होतो, पण तो स्पेक्ट्रमच्या उताराला हळूच चुकीच्या दिशेला ओढतो.

आता त्याच डेटाच्या एन्व्हलपवर १.९१ ची चाचणी घ्या. बरंच जास्त आलं तर कुठला तरी स्मूदिंग फिल्टर अजून चालू आहे. बरंच कमी आलं तर विखुरक विरळ आहेत, नाहीतर चौकटीत (चित्रातल्या ज्या भागावर मोजमाप करतो त्यात) बुडबुडा किंवा तळाचा प्रतिध्वनी आला आहे.

चौकट केवढी घ्यायची

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून हिशेब करूनच दाखवतो. ३.५ मेगाहर्ट्झच्या प्रोबची तरंगलांबी ०.४४ मिमी. पल्स दोन तरंगांची धरली तर लांबी सुमारे ०.९ मिमी. फोकसची खोली भागिले ॲपर्चर हे गुणोत्तर ३ असेल तर बीमची रुंदी सुमारे १.३ मिमी. चौकट खोलीच्या दिशेने दहा ते पंधरा पल्स-लांबी आणि आडवी दहा बीम-रुंदी घ्यावी असा अनुभवी मंडळींचा संकेत आहे. म्हणजे अंदाजे १२ मिमी खोल आणि १३ मिमी रुंद.

स्कॅनलाइन ०.३ मिमी अंतरावर असतील तर या चौकटीत ४३ लाइन बसतात. पण शेजारच्या लाइन जवळजवळ तीच ऊती बघत असतात. स्वतंत्र लाइन दहाच. म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला नॉईज १०० टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर येतो, डेसिबलमध्ये सुमारे १.४. ज्यांनी ४३ धरून १५ टक्के लिहिलं, त्यांचे एरर बार निम्म्याहून लहान निघतात. अशा अहवालांवर मी विश्वास ठेवत नाही.

चौकट मोठी केली की नॉईज कमी होतो, पण बारकावा जातो. लिव्हरसारख्या पसरलेल्या आजारात मोठी चौकट परवडते. स्तनातल्या किंवा थायरॉइडमधल्या छोट्या गाठीला ती परवडत नाही, तिथे स्वतंत्र नमुने दुसरीकडून आणावे लागतात.

स्वतंत्र नमुने आणायचे कुठून

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित मार्ग म्हणजे प्रोब चित्राच्या पातळीला काटकोनात सरकवणं. निदान एक एलेव्हेशन बीम-रुंदी, म्हणजे नेहमीच्या प्रोबला काही मिलिमीटर सरकलं की स्पेकल बदलतं. अशी पाच स्वतंत्र प्रतलं घेतली तर वरच्या हिशेबात स्वतंत्र लाइन दहाच्या पन्नास होतात आणि नॉईज १४ टक्क्यांवर, ०.६ डेसिबलवर येतो. यासाठी नवं मशीन लागत नाही, नवा कोडही लागत नाही.

दुसरा मार्ग कोनांचा. प्रोब जागेवर ठेवून बीम वेगवेगळ्या कोनांत वळवा आणि त्याच चौकटीचे स्पेक्ट्रम सरासरीत घ्या. कोन एकमेकांच्या फार जवळ असतील तर फायदा थोडाच मिळतो. आणि स्नायूसारख्या तंतुमय ऊतीत कोन बदलला की खरं उत्तरच बदलतं, तिथे ही युक्ती वापरू नका.

नमुने स्वतंत्र आहेत याचा पुरावा असा काढा: एक, दोन, चार, आठ, सोळा प्रतलांच्या सरासरीसाठी अंदाजाचं प्रमाण विचलन काढा आणि दोन्ही अक्ष लॉग ठेवून आलेख काढा. रेषा उणे अर्धा उताराने खाली गेली पाहिजे. जिथे ती सपाट होते तिथून पुढचे नमुने एकमेकांत गुंतलेले आहेत, किंवा ऊती मुळातच जागोजागी वेगळी आहे. फँटमवर रेषा सरळ आणि पेशंटवर सपाट असेल, तर तो सपाटपणा म्हणजे आजाराची माहिती असू शकते. तो पुसून टाकायची घाई करू नका.

स्पेक्ट्रम काढताना

पीटर वेल्च यांची १९६७ ची पद्धत इथे पुरेशी आहे: सिग्नलचे तुकडे (विंडो) करायचे आणि त्यांच्या स्पेक्ट्रमची सरासरी घ्यायची. १२ मिमीच्या चौकटीत ४ मिमीच्या हॅन विंडो निम्म्या एकमेकींवर चढवून ठेवल्या तर पाच विंडो बसतात. हॅन विंडो कडेला शून्याला टेकते, त्यामुळे निम्मं ओव्हरलॅप असूनही या पाच जवळपास स्वतंत्र असतात. चौकट फारच लहान असेल तर डेव्हिड थॉमसन यांची १९८२ ची मल्टीटेपर पद्धत वापरा. ती एकाच तुकड्याला अनेक टेपर, म्हणजे वेगवेगळ्या आकाराच्या विंडो, लावून जवळपास स्वतंत्र अंदाज काढते.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. विंडो लहान करून स्पेक्ट्रम गुळगुळीत झाला, तरी त्याने नवी माहिती आलेली नसते. लांब विंडोच्या खडबडीत स्पेक्ट्रमवर सरळ रेषा बसवली, तरी उताराची अनिश्चितता जवळपास तेवढीच राहते. आलेख छान दिसू लागला म्हणून पाठ थोपटून घेऊ नका.

सरासरीचा क्रम चुकवू नका: आधी पॉवरची सरासरी, मग लॉग. उलट केलं, म्हणजे प्रत्येक लाइनचा डेसिबल काढून सरासरी केली, तर उत्तर सुमारे २.५ डेसिबल खाली येतं. फँटम आणि पेशंट दोघांनाही अगदी सारखीच वागणूक दिली तर ही चूक भागाकारात उडून जाते. पण दोन्हीकडे विंडोंची संख्या वेगळी असली की ती शिल्लक राहते, आणि ती शोधायला फार वेळ जातो.

संदर्भ फँटमचा स्वतःचा नॉईज

याओ, झागझेब्स्की आणि मॅडसन यांनी १९९० मध्ये मांडलेली संदर्भ-फँटम पद्धत आज सर्वाधिक वापरात आहे. पेशंटच्या स्पेक्ट्रमला त्याच सेटिंगवर, त्याच खोलीवर घेतलेल्या फँटमच्या स्पेक्ट्रमने भागायचं, म्हणजे प्रोब आणि फोकसचा परिणाम निघून जातो. पण भाजकालाही नॉईज असतो. फँटमचेही नमुने पेशंटइतकेच घेतले तर एकूण नॉईज १.४ पट होतो. फँटमला श्वास रोखायला लागत नाही आणि त्याला घाईही नसते. पेशंटच्या दहापट स्वतंत्र प्रतलं घ्या, मग त्याच्यामुळे वाढणारा नॉईज पाच टक्क्यांवर येतो.

अटेन्युएशनला वेगळी, लांब चौकट

अटेन्युएशन म्हणजे खोलीनुसार सिग्नल कसा उतरतो त्याचा उतार. उताराची अनिश्चितता चौकटीच्या खोलीच्या दीड घाताने कमी होते. चौकट दुप्पट खोल केली की नॉईज २.८ पटीने कमी, दुप्पट रुंद केली तर फक्त १.४ पटीने. म्हणून अटेन्युएशनसाठी चौकट उभी, लांब घ्या. बॅकस्कॅटरची छोटी चौकट तिच्यासाठी वापरू नका.

याचं महत्त्व दुसरीकडेही आहे. बॅकस्कॅटर काढताना मधल्या वाटेचं अटेन्युएशन भरून काढावं लागतं. ५ सेंमी खोलीवर ३.५ मेगाहर्ट्झला, अटेन्युएशनमध्ये फक्त ०.०५ ची चूक असेल तर जाऊन-येऊन १.७५ डेसिबलची, म्हणजे दीडपट चूक होते. ही चूक प्रतलं वाढवून बॅकस्कॅटरच्या सरासरीत विरत नाही, ती सगळ्या प्रतलांत एकाच दिशेने असते.

शेजारच्या चौकटींची उत्तरं एकमेकांजवळ असावीत अशी अट घालून नकाशा गुळगुळीत करणाऱ्या रेग्युलरायझेशनच्या पद्धती अलीकडे चांगल्या विकसित झाल्या आहेत. वापरा, पण सगळ्यात शेवटी. आणि अट किती कडक ठेवली ते गाठ असलेल्या फँटमवर तपासून ठरवा, पेशंटचा नकाशा सुंदर दिसेपर्यंत नव्हे.

पेशंटवर

लिव्हरच्या मोजमापाआधी किमान चार तास पोट रिकामं हवं. जतहून, कवठेमहांकाळहून पहाटेच्या एसटीने आलेल्या माणसाने स्टँडवर दुधाचा चहा घेतलेला असतो आणि त्याला तो खाण्यात धरतही नाही. म्हणून “काही खाल्लंय का?” एवढंच विचारू नका, “चहा झाला का?” हेही विचारा, आणि अपॉइंटमेंट देतानाच सांगून ठेवा.

पेशंटला उताणं किंवा किंचित डाव्या कुशीवर झोपवा, उजवा हात डोक्यावर. प्रोब बरगड्यांच्या मधून लावा. चौकट लिव्हरच्या आवरणाखाली दीड ते दोन सेंमीवर सुरू करा, त्याच्या वरच्या भागात आवरणाचे उलटसुलट प्रतिध्वनी मिसळतात. रक्तवाहिन्या, पित्तनलिका आणि बरगडीची सावली टाळा. श्वास मोठा घेऊन नाही, सहज चालला आहे तिथेच रोखायचा. “श्वास रोखा” म्हटलं की आपली माणसं छाती भरून श्वास घेतात. “मावशी, मोठा श्वास नाही घ्यायचा, आत्ता आहे तिथंच थांबवा” असं म्हटलं की जमतं. एकदा सराव करून घ्या.

प्रत्येक मोजमापानंतर प्रोब उचला आणि पुन्हा ठेवा, जमल्यास शेजारच्या बरगडीच्या फटीतून. न उचलता घेतलेली पाच मोजमापं आयक्यूआर (मधल्या निम्म्या मोजमापांचा पसारा) छान दाखवतात, पण स्वतंत्र नमुना त्यात एकच असतो. मध्यक आणि आयक्यूआर दोन्ही अहवालात लिहा. एकक तपासा: काही मशीन ३.५ मेगाहर्ट्झला डेसिबल प्रति मीटरमध्ये आकडा देतात, तिथे ०.७ म्हणजे २४५.

आपल्या सोनोग्राफी रूमचा आकडा स्वतः काढून ठेवा. काही पेशंटची, त्यांच्या संमतीने, त्याच दिवशी दोनदा पूर्ण मोजमापं घ्या आणि एका मोजमापाचं प्रमाण विचलन काढा. त्याला २.८ ने गुणलं की जो आकडा येतो, त्याहून कमी फरक दोन भेटींमध्ये दिसला तर लिव्हर बदललं असं म्हणता येत नाही. प्रमाण विचलन ०.०४ असेल तर ही मर्यादा ०.११ येते. मग औषध चालू करून सहा महिन्यांनी ०.०७ ने उतरलेला आकडा पेशंटला सुधारणा म्हणून सांगू नका, मोजमाप पुन्हा घ्या आणि प्रतलं वाढवा. अहवालात मशीन, प्रोब, प्रीसेट, चौकटीची खोली आणि मोजमापांची संख्या लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या भेटीला ड्युटीवर दुसरं कुणी असलं तरी मोजणी त्याच रीतीने होईल.